म्हसोबाचा मका

४ जुलै, शुक्रवार
सकाळी शेजारच्या रानातून युसूफभाईंनी हाक मारली. बांधाकडच्या त्यांच्या मक्यावर बारीक पिवळ्या रेघा, शिरेशिरेला धरून, कुणी कंगवा फिरवल्यासारख्या. झाडं गुडघ्याला लागायच्या आधीच खुंटलेली. युरिया कमी पडला असेल, मी म्हणालो.
"आण्णा, युरिया कमी पडला असता तर समद्या रानात दिसलं असतं. हे बांधाकडूनच का येतंय?"
बांधाच्या अलीकडे माझा म्हसोबा.
माझ्या रानात यंदा सोयाबीन. ते ठणठणीत आहे.

६ जुलै, रविवार
म्हसोबाला शेंदूर लावला. भोवतीचा मका आज पहिल्यांदा नीट पाहिला.
हा सौ.चा नवस. आमची लेक अनू पाच वर्षांची असताना ताप उतरेना, तेव्हा बोललेली, ही जागा कधी कोरडी पडू देणार नाही. तेव्हापासून एक ओळ वाळायला लागली की शेजारी दुसरी टोबायची. भर उन्हाळ्यात विहिरीवरून हंड्याने पाणी. याची वैरण गुरांना नाही, कणीस घरात नाही. पाखरं खातात.
त्याच रेघा. जुन्या झाडांवर जास्त. पानांच्या मधला पोंगा हलवला तर आतून तुडतुडे, तिळाएवढे किडे, तिरपे पळाले. इतकी वर्षं इथे हात जोडतोय, डोळे मिटून.

९ जुलै, बुधवार
कृषी सहायक ताई येऊन गेली. लहान वयाची, पण चिखलात उतरून पानं उलटी करून बघत होती. म्हणाली, काका, हा विषाणू आहे. वाऱ्याने येत नाही, पाण्याने येत नाही. तुडतुडा आजारी झाडाचा रस पितो आणि तीच सोंड चांगल्या झाडात खुपसतो. रोगावर औषध नाही, फक्त तुडतुड्यावर आहे.
"उन्हाळ्यात कुठेच हिरवा मका नसला की तुडतुडे कमी होतात, रोगही मागे पडतो. इथे त्यांना बारमाही घर मिळालंय."
युसूफभाई म्हणाले, "म्हणजे मुक्काम देवाकडं अन् जेवायला माझ्याकडं."
ती हसली. मलाही हसावं लागलं.
जाताना बजावून गेली. आधी फवारा, दुसऱ्या दिवशी उपटा, खड्ड्यात गाडा. उलटं करू नका, फवारल्याशिवाय हात लावलात तर सगळे उडून शेजारी जातील.
देवाच्या दारातून कुणाला हाकलत नाहीत. तेही राहिले, झालं.

११ जुलै, शुक्रवार
सौ.ला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.
"अनूचे दिवस भरलेत. पहिलं बाळंतपण आहे. आत्ताच सुचलं तुम्हाला?"
अनू आतून म्हणाली, "आई, मका उपटल्यानं काही होत नसतं."
"तू गप बस. तुला तो ताप आठवत नाही. मला आठवतो."
थोड्या वेळाने मला, "लेकरू सुखरूप घरात येऊ द्या. मग काय उपटायचं ते उपटा."
तिचं चूक कसं म्हणू? त्या वेळी मी दवाखान्याच्या पायरीवर नुसता बसून होतो. नवस तिने केला.

१४ जुलै, सोमवार
रेघा आणखी आत सरकल्या. बांधाकडच्या झाडांना आता कणीस धरणार नाही, ताई म्हणालीच होती.
संध्याकाळी युसूफभाईंच्या घरून अनूसाठी डिंक आला. भाभींनी निवडून, पुसून, स्वच्छ फडक्यात बांधून दिलेला. सौ.ने घेतला, पदराने डोळे टिपले आणि लगेच चुलीकडे वळली. तिला काय वाटलं, विचारलं नाही.

१७ जुलै, गुरुवार
युसूफभाईंना म्हणालो, तुम्ही एकदा तोंडाने म्हणा, मी उपटतो.
"मी नाय म्हणणार, आण्णा. उद्या पोरीचं काय कमीजास्त झालं तर माझं नाव निघंल. तुमच्या घरात नाय निघणार, गावात निघंल."
मग बराच वेळ बांधावरचं गवत उपटत बसले.
"पण रोज सकाळी इथं येतो ना, ते बघवत नाय."
इतकी वर्षं शेजारी रान कसतो. ही धास्ती त्यांना मनात ठेवून बसावी लागते, हे आज कळलं.

१९ जुलै, शनिवार
केलं.
पंप भरून पाठीवर घेतला. दगडासमोर उभा राहिलो. ओळी अगदी अंगाला लागून. फवारा शेंदरावर बसणार, डोळ्यांवर बसणार. हात उचलेना. देवाच्या तोंडावर विष कसं मारू? पंप खाली ठेवला, क्षमा मागितली आणि हातानेच उपटायला लागलो. भराभर. कुणी यायच्या आत.
निम्मं झाल्यावर मान वर केली. प्रत्येक झाडागणिक भुसा उडावा तसं काहीतरी उठत होतं आणि वाऱ्याबरोबर बांध ओलांडून पलीकडच्या कोवळ्या मक्यावर बसत होतं.
ताईचं बोलणं आठवलं. पण निम्मं उपटून ठेवण्यात काय अर्थ? उरलेलंही काढलं. खड्डा केला, गाडलं.
दगड उघडा पडला. एवढा लहान आहे तो, विसरलोच होतो.

२० जुलै, रविवार
सौ. बोलत नाही. ताट अनूने वाढलं.
युसूफभाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी त्यांच्या मक्याचं एक पान उलटं केलं, दुसरं केलं.
"मग पंप कशाला नेला होता?"
"देवाच्या अंगावर मारवेना."
"म्हणून माझ्या अंगावर सोडले."
मग घराकडे तोंड करून चहा टाकायला सांगितला. चहा गोड होता. पिववत नव्हता, पण ठेवून उठलो असतो तर आणखी वाईट दिसलं असतं.
त्यांचं रान उद्या मी फवारतो म्हणालो.
"फवारा. ज्यांनी सोंड खुपसली त्यांनी खुपसली."

२१ जुलै, सोमवार
दिवसभर फवारलं. तुडतुडे मेले. बाकीचं आता पानावर दिसेल तेव्हा.

२३ जुलै, बुधवार
निफाडच्या दवाखान्यातून लिहितोय. अनूच्या कळा पहाटे सुरू झाल्या. जावई चांदवडहून निघालेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके मधेच मंद होतायत, वाट बघू, नाहीतर ऑपरेशन. सही घेऊन ठेवली.
बाकावर सौ. शेजारी. हातात माळ, पण मणी सरकत नव्हते. चार दिवसांनी पहिलं बोलली, समोर बघत.
"निघायच्या आधी ओळ टोबून आले. दगडाभोवती. दाणे रात्रीच भिजवले होते."
कुठला मका, विचारलं नाही. मका तो मका. जमिनीत ओल आहे, चार-पाच दिवसांत वर येईल.
आत्ता युसूफभाईंचा फोन येऊन गेला.
"पोरीचं काय?"
"अजून काही नाही."
"होईल. अल्ला बरं करंल. रानाची काळजी करू नका, मी हाय."
बरं म्हणालो. दाण्यांचं सांगितलं नाही.
आतून कुणी बाहेर आलेलं नाही.