पाच व्होल्टचा डबा

सोमवार, ४ मार्च

आणि वर मलाच म्हणतात, टेबलाला हात लावू नको! टेबल पुसते मी, आवरते मी, आणि त्यावर आठ दिवस ह्यांच्या वायरींचा उकिरडा. लाँड्रीत दिवसभर इस्त्र्या ओढून यायचं आणि घरात सोल्डरिंगचा धूर खायचा. कशासाठी? तर हेडफोनचा आवाज मोठा करणारा डबा! नुसता हेडफोन लावला तर ह्यांना चिलटाएवढं ऐकू येतं. वीज कॉम्प्युटरमधूनच घेणार म्हणे, यूएसबीच्या भोकातून.

"पाच व्होल्ट पुरे. तो काळा अडॅप्टर बाराचा आहे. पिन बसते, पण लावायची नाही. डबा जळेल."

बरं. मला काय करायचंय?

बुधवार, ६ मार्च

डबा चालला. ह्यांनी बातम्या ऐकल्या. पत्र्याच्या कारखान्यात कान गेले त्याला दोन वर्षं झाली. डोळे पुसत होते. म्हणाले, "रविवारी लेकीशी मी बोलणार."

मी ऐकलं न ऐकलं करून भांडी घासायला उठले.

शुक्रवार, ८ मार्च

लेकीचे कॉल कॉम्प्युटरवर मीच घेते. हे लांब बसतात — "नुसतं हं हं करायची लाज वाटते." ती काय म्हणाली ते नंतर मी ह्यांच्या कानात ओरडून सांगते. चार महिने ती एकच म्हणतेय — नवऱ्याजवळ राहायचं नाही, घरी येऊ का? ह्यांना सांगते, मजेत आहे. तिला सांगते, बाबा म्हणतात येऊ नको, दम धर.

हे असं कधीच म्हणाले नाहीत. ह्यांना विचारलंच नाही मी.

ह्यांचं ब्लडप्रेशर वाढेल, हे आपलं निमित्त. परत आलेली लेक मलाच नको होती. शेजारणींना काय सांगू?

शनिवार, ९ मार्च

लावला. काळा अडॅप्टर. हे दाढी करायला गेले होते. टच्‌ झालं, वास आला. खिडकी उघडली, वायर होती तशी जोडली. लावलाच ना मी!

रविवार, १० मार्च

हेडफोन घालून बसले. काही नाही. "हे भोक वीज कमी देत असेल." दुसऱ्यात घातलं. मग मागच्यात. शेवटी म्हणाले, "सोल्डरिंग कच्चं राहिलं. हात गेले गं माझे." आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं!

कॉल मी घेतला.

"बाबा अजून तेच म्हणतात, आई?"

"तेच."

"बरं." रडलीसुद्धा नाही.

मंगळवार, १२ मार्च

गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला. मालकीण म्हणाली, "लक्ष कुठंय बाई तुझं?"

हे नवे भाग आणून परत टेबलाशी बसलेत. मी खरं सांगायला गेले. तोंडातून निघालं काय? "चहा घेता का?"

गुरुवार, १४ मार्च

कामावरून आले तर कॉम्प्युटर चालू, डबा दुरुस्त, हेडफोन ह्यांच्या गळ्यात. लेकीने अवेळीच कॉल केला होता. ह्यांनी घेतला. सगळं ऐकलं. आवाज चढवला नाही माझ्यावर. म्हणाले, "डब्याचं विचारत नाही. ती येतेय. येऊ नको असं मी कधी म्हणालो? खरं काय ते मला नको सांगू, तिला सांग. रविवारपर्यंत."