दारामागची गोधडी

अहो मास्तर,

मी ताईकडे चाललेय, सहापर्यंत येते. चहा थर्मासमध्ये आहे. मोठा कप घ्या आणि अर्धाच भरा, म्हणजे हात हलला तरी सांडायचा नाही.

तुमच्या खोलीच्या दारामागे टांगलेला कोट मी कपाटात ठेवलाय, उगाच आरडाओरडा नको. त्या जागी थर्माकोल चिकटवून त्यावर जुनी फ्लॅनेलची चादर ताणून बसवलीय. नातीच्या गोधडीचे तुकडे शिवण्याआधी मांडून बघायला भिंत हवी होती. पण तुमच्या शिवणकामाच्या दुकानातलं सगळं सामान घरात आल्यापासून मोकळी भिंत उरलीय कुठे? दार उघडं असलं की हे काही दिसत नाही, जागाही अडत नाही. हल्ली तुम्ही दार लावूनच बसता, त्यामुळे तुम्हाला मात्र दिसेल.

सुई नको, टाचणी नको. तुकडा नुसता टेकवून वरून हात फिरवला की फ्लॅनेलला धरून राहतो. वाकडा बसला तर काढायचा, परत लावायचा. माझेही चार वेळा वाकडे बसले.

शिवेन मी. पण रंग जुळवणं मला या जन्मी जमायचं नाही, हे तुम्हीच चाळीस वर्षं ऐकवताय.

तिसऱ्या ओळीत, दोन निळ्या तुकड्यांच्या मधोमध, मी एक भडक पोपटी चौकोन मुद्दाम लावून ठेवलाय. सहा वाजेपर्यंत तुम्ही तो तिथे राहू दिलात, तर मी नाव बदलीन.