तुमच्या रामरामाने बिघडलेला आलेख

प्रिय आप्पा,

आज माझा आलेख जुळला! ही वार्ता ऐकवण्यास योग्य असा एकही श्रोता शिरूर नगरीत उपलब्ध नाही, आणि घरात मी व छताचा पंखा असे दोनच सभासद उरले आहेत. पैकी पंखा स्वतःच बोलत असतो, ऐकत नाही. म्हणून हे पत्र.

दुसरेही कारण आहे. मार्गदर्शक महोदयांनी दूरध्वनीवरून अभिनंदन केले आणि म्हणाले, “त्या जुन्या वह्या आता टाकून द्या.” जुन्या वह्या, म्हणजे तुमच्या.

आठवते, पहिल्या दिवशी मी तुम्हाला प्रबंधाचा विषय समजावला होता? ‘महामार्गावरील वाहनांतील कालांतराचे सांख्यिकीय प्रतिमान.’ तुम्ही शांतपणे विचारलेत, “म्हंजी एक गाडी गेल्यावर दुसरी किती येळानं येती, एवढंच ना?” माझ्या तीन वर्षांच्या विद्वत्तेचा एका वाक्यात निकाल! वर म्हणालात, “मास्तर, तुम्ही कॉलेजात शिकवा. मी बसतो रस्त्याला. घरी बसून तरी काय करायचंय?”

मग तुमच्या न्हावऱ्याच्या अलीकडे, चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तुमची खुर्ची लागली. हाती स्टॉपवॉच, मांडीवर वही. उभ्या आयुष्यात शिरूर-दौंड एसटी चालवलेला माणूस आता तोच रस्ता बसून पाहत होता. तुमच्या आकड्यांत मला एक अद्भुत आकृतिबंध दिसू लागला. प्रत्येक एसटीमागे वाहनांचा दाट पुंजका! आनंदाच्या भरात मी ‘ज्येष्ठवाहनानुगमन’ या भारदस्त नावाचे एक अख्खे प्रकरण लिहिले, आणि ते महाविद्यालयात भेटेल त्याला ऐकवले.

एके दिवशी तास लवकर सुटला म्हणून मी तिकडे आलो. दौंडची गाडी तुमच्यासमोर येऊन चक्क थांबली. चालकाने खिडकीतून मान काढली, “आप्पा, रामराम! गुडघा काय म्हनतोय?” तुम्ही हात वर केलात, “हाय तसाच! आन् आईला कधी आणलं दवाखान्यातनं?” मागे टेम्पो, दोन मोटारी, उसाचा ट्रॅक्टर, सगळे खोळंबलेले! माझा सिद्धांत माझ्या डोळ्यांदेखत भोंगे वाजवत उभा होता.

आणि मी, विनोदाची हौस असलेला मी, सर्वांसमोर म्हणालो, “आप्पा, आपली नियुक्ती निरीक्षक म्हणून झाली आहे की स्वागताध्यक्ष म्हणून?”

चालक हसला. तुम्ही नाही हसलात. “मास्तर, वळखीचा मानूस समोरनं जातुय. मान फिरवून बसू व्हय?” एवढे बोलून स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवलेत आणि खुर्ची उचललीत.

मी वाट पाहिली, तुम्ही याल. तुम्हीही पाहिली असेल, मी बोलावीन. एक फोन तुम्हीही करायचा होता की, आप्पा! पंधरा दिवसांनी फोन आला तो तुमच्या मुलाचा, तुम्ही गेल्याचा. तुमच्या घरी आलो तेव्हा तुमच्या पत्नी, आक्का, एवढेच म्हणाल्या, “तुमचं पुस्तक बिघडिवलं म्हनून लई लागलं होतं ओ त्यांना.” माझ्याजवळ संस्कृत शब्दांचा प्रचंड साठा असतो. त्या दिवशी साधे ‘नाही’सुद्धा सापडले नाही.

त्यानंतर दोन महिने तुमच्या जागी मी बसलो. एकही गाडी थांबली नाही. कोणत्याही वाहनाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, मघाशी कोण गेले याचे पुढच्याला भान नाही, असे गृहीत धरल्यावर जो वक्र मिळतो, तो माझ्या आकड्यांवर तंतोतंत बसला. शास्त्रात या गुणास ‘स्मृतिहीनता’ म्हणतात. निष्कर्ष निर्दोष आहे. त्याच्याकडे पाहवत मात्र नाही.

टाकण्यापूर्वी तुमच्या वह्या प्रथमच नीट वाचल्या. मी आकडे तेवढे उतरवून घेत होतो. शेऱ्याचा रकाना मीच आखून दिला होता, आणि त्यात कधीही डोकावलो नव्हतो. तुम्ही तर पहिल्या दिवसापासून प्रामाणिकपणे लिहीत होतात: “दौंड गाडी. डायवर थांबला. पोरीचं लगीन ठरलं. मागं चार गाड्या आडकल्या.” “शिरूर गाडी. थांबली. पाणी दिलं.” पानेच्या पाने! लपवले काहीच नव्हते. निरीक्षणात कसूर झाली ती माझ्याकडून, आप्पा. आणि तुम्ही दोष घेऊन गेलात.

वह्या टाकणार नाही. महोदयांना तसे कळवले आहे. ते रुष्ट आहेत, प्रबंध लांबेल. लांबो. तुमच्या आकड्यांचे प्रकरण राहील, त्यात कारणही राहील, तुमच्या नावासह.

आणि हे वचन: येत्या रविवारी न्हावऱ्याला येतो. आक्कांसमोर बसून सांगतो, त्यांना कळेल अशा भाषेत, की आप्पांनी काही बिघडवलं नाही. मी वाचलं नव्हतं.

तुमचा,
मास्तर