अठराव्या झेंड्याखालची जमीन

मी, खाली सही करणारी, गोल्फ क्लबच्या कुंपणाला लागून असलेल्या बंगल्यात राहणारी विधवा, वय वर्षं ब्याऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे; तसं डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं आहे. कोणी गोड बोलून किंवा डोळे वटारून हे माझ्याकडून लिहून घेतलेलं नाही. दोन्ही प्रयोग झाले, मी बधले नाही. याआधीचं कुठलंही मृत्युपत्र कोणी पुढे केलं तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर मुलाला. त्याने आधी गच्चीची गळती काढावी, मग रंगाच्या गप्पा माराव्यात. बँकेतल्या ठेवी स्वयंपाकाच्या बाईंना. त्यांनी माझं पथ्य आणि माझी बडबड, दोन्ही सांभाळलं. यावर कोणी नाक मुरडू नये.

२. यजमानांनी जिंकलेले चषक पुतण्याला. "काकू, मागची जमीन बिल्डरला द्या, सोनं होईल सोनं!" असं तो दर भेटीत म्हणतो. चषक पितळेचे आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

३. आता ती मागची जमीन. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल, वकीलबाईंनी सांभाळून घ्यावं.

सासरे आणि त्यांच्या मित्रांनी क्लब काढला, तेव्हा इथे नुसतं खडकाळ माळरान होतं. क्लबहाउस म्हणजे पत्र्याची शेड. दगड वेचले ते घरच्या बायकांनी. मी नवी नवरी, मीही वेचले, हाताला फोड येईपर्यंत. पहिले झेंडे सासूबाईंनी स्वतःचा पलंगपोस फाडून शिवले. मग नियमावली छापून आली. तिचं पहिलंच वाक्य असं, की सभासद फक्त पुरुष होऊ शकेल. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पलंगपोस तरी परत मागून घ्यायचा!" आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. दुसरं करणार काय?

मंडळींना घाई एवढी, की त्यांनी आधी झेंडे रोवले आणि मग जमीन विकत घेतली. हद्द मोजली जेवणानंतर, पावलांनी; ज्याची ढांग मोठी त्याला पुढे घालून. त्या नादात अठरावं ग्रीन, म्हणजे जिथे सामन्याचा निकाल लागतो ती शेवटची हिरवळ, सासूबाईंच्या या मागच्या जमिनीत गेलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. सासूबाईंनी ती जमीन माझ्या नावे केली तेव्हा माझ्याही नाही. गेल्या वर्षी रस्त्यासाठी सरकारी मोजणी झाली आणि बिंग फुटलं. इतकी वर्षं क्लब माझ्या जमिनीवर पाणी मारत होता, गवत कापत होता.

आणि क्लबच्या लेखी मी कोण होते? सभासदाची बायको. बायकांना पुढच्या दाराने प्रवेश नाही. बाजूच्या व्हरांड्यात बसायचं, चहा खिडकीतून यायचा. यजमान आपला कप घेऊन त्या खिडकीशी उभे राहायचे. मित्र हसायचे, हे त्यांना हसू द्यायचे. फार भला माणूस होता. ते गेले त्याच आठवड्यात क्लबचा शोकसंदेश आला आणि पाठोपाठ शिपाई आला, माझा पास परत न्यायला. सभासदच नाही, तर सभासदाची बायको कुठली! शिपाई बिचारा दारातच रडला. मी रडले नाही, माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

सुनेला खेळ यजमानांनीच शिकवला, आमच्या मागच्या अंगणात. ती शाळेत खेळाची शिक्षिका आहे, बाहेरच्या स्पर्धा जिंकते. इथे मात्र मंगळवारी दुपारी, पाहुणी म्हणून. तिने सभासदत्वाचा अर्ज केला. उत्तर आलं, सभासद पुरुषच होऊ शकतो; पती सभासद असते तर पत्नी म्हणून खेळता आलं असतं. माझा मुलगा पडला बुद्धिबळवाला. म्हणाला, "मी होतो ना नावापुरता सभासद." ती म्हणाली, "नको. तुझी बायको म्हणून नाही खेळायचं मला." आणि न्हाणीघरात नळ सोडून रडली. मला ऐकू येतं सगळं. कमी ऐकू येतं, असं मी नको त्या माणसांना सांगते.

मोजणीनंतर क्लबचे सेक्रेटरी पहिल्यांदाच माझ्या पायऱ्या चढले. माणूस वाईट नाही, तिथल्या झाडांवर त्याचा जीव आहे. म्हणाले, "बाई, तुम्ही तर आमच्या घरच्याच! जमीन क्लबला द्या, ग्रीनला तुमचं नाव देऊ."

म्हटलं, "नाव राहू द्या. सुनेला सभासद करून घ्या."

"मला एकट्याला मान्य आहे हो. पण कमिटी... परंपरा..."

"मग परंपरेकडेच मागा जमीन."

तरी येत राहिले. तिथे इमारत उठावी असं मलाही वाटत नाही. यजमानांचं सुख त्या हिरवळीत होतं आणि माझं ते बघण्यात.

सबब, अठराव्या ग्रीनची जमीन, झेंडा आणि खळग्यासकट, मी सुनेला देते. एकटीला, तिच्या स्वतःच्या नावाने. यजमानांच्या गोल्फच्या काठ्याही तिलाच. क्लबला तिथे खेळायचं असेल तर त्यांनी तिला विचारावं. मी कसलीही अट घालत नाही. सभासद व्हायचं, भाडं घ्यायचं, की कुंपण घालायचं, ते ती ठरवेल. पोरी, माझा राग माझ्याबरोबर जाऊ दे. तुझा तुला असेल तर तुझ्या मर्जीने काढ.

४. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांच्याकडून कळलं, की साक्षीदाराने फक्त माझी सही बघायची असते, मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही. डॉक्टर आलेले आहेत. दुसरा माणूस शोधायला नको. सेक्रेटरी जमिनीचं विचारायला आत्ताच येऊन बाहेर चहा घेत बसलेत. त्यांना आत बोलावते.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिला: घरचे डॉक्टर. सही.

साक्षीदार दुसरा: सेक्रेटरी, गोल्फ क्लब. सही. शेरा: बाई घरच्याच असल्याने मजकूर वाचण्याची आवश्यकता वाटली नाही.