साहेबांचा गुडघा

भाईजान,

“परक्यांच्या राज्यात शुक्रवारची नमाज कबूलच होत नाही,” असं तुम्ही मशिदीत गरजला होतात. माझ्या नवऱ्यानं ते खरं मानलं, चौकाचौकात तेच सांगितलं आणि तो तुरुंगात गेला. तुम्हाला मात्र सरकारी काझीपद मिळालं आणि लगेच नमाजही कबूल होऊ लागली.

काल शुक्रवारच्या नमाजेत तुम्ही गव्हर्नरसाहेबांच्या गुडघेदुखीसाठी दुआ मागितलीत. खिडकीतून सगळं ऐकू आलं. अम्मी म्हणाली, “गुडघा साहेबांचा, आणि वाकतोय आमचा मौलवी!” आम्ही पोट धरून हसलो. मग ती रडली.

तुमचा नकार ठाऊक आहे, म्हणून हे पत्र धाडणार नाही. तरी मागते: येत्या शुक्रवारी त्या गुडघ्यानंतर माझ्या नवऱ्याचंही नाव घ्या. हळूच घेतलंत तरी चालेल.

तुमची धाकटी बहीण