बिननावाचा शेरा

वेंगुर्ले,
९ जानेवारी

प्रिय संचिता,

सप्रेम नमस्कार. तू मजेत असशील. आम्ही बरे आहोत, थंडीत आईची कंबर धरते तेवढीच. तुमच्या इन्सुलीला काजू मोहरला असेल.

तुझं होस्टेल आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी तुला पत्र लिहितेय म्हणून हसशील. समोर बोलले असते तर भांडण झालं असतं. फोनवर लिहिलं असतं तर हसरा चेहरा पाठवून तू मोकळी झाली असतीस.

दत्तप्रसाद सरांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी आपले लेख एकमेकांना वाचायला दिले आणि अट घातली की शेऱ्याखाली नाव लिहायचं नाही, म्हणजे खरं लिहिलं जाईल. मला समर्थचा आला. मी लिहिलं, 'आजा मरतो ते दोन ओळींत उरकलंस. तिथे थांब.' अक्षर ओळखून तो माझ्याशी बोलेनासा झाला, पण थांबला तिथे. लेख आता वाचण्यासारखा झालाय.

माझा लेख आईवर होता, तिच्या सुक्या मासळीवर, बांगड्यांवर. त्यावर छापल्यासारख्या अक्षरात शेरा आला: 'भाषा छान. पण घरभरचा वास वाचवत नाही, किळस येते. बांगड्यांची पिशवी हातात कोंबणारी आई तर नकोच. त्यापेक्षा समुद्राचं वर्णन वाढवावं.'

आधी नुसतं वाईट वाटलं. मग पुन्हा वाचला. पिशवी? पिशवीबद्दल मी लेखात अवाक्षर लिहिलेलं नाही. आई पिशवी देते ती एकट्या तुला. बाकी कोणाला ती फुकट शेपटीसुद्धा देत नाही, सख्ख्या मामीलाही नाही.

मग मलाही किळस आली, पण बांगड्यांची नव्हे. आमच्या पडवीत बसून तू बोटं चाटत जेवलीस, 'मावशी, आणखी वाढ' म्हणालीस. आवडत नव्हतं तर नको म्हणायचंस. आई रागावली नसती, सोलकढी वाढली असती. तोंडावर गोड आणि नाव झाकलं की किळस, असल्या माणसांची मला शिसारी येते. माशाचा वास निदान साबणाने जातो.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय. दिवाळीच्या सुट्टीला तुला एसटीत बसवून मी मागे वळले तर आईने दिलेली पिशवी स्टँडवरच्या बाकड्याखाली होती. मी ती उचलून वाटेत बाबलीकाकाकडे देऊन आले, आईला कळू नये म्हणून. विसरली असेल, असं मनाला बजावत राहिले. पण विसरणारं माणूस पिशवी बाकड्याखाली भिंतीपर्यंत सरकवत नाही गो.

काल आई म्हणाली, "सृष्टी, संचिता हल्ली येना नाय ती? आजारी आसा काय? तिच्यासाठी बांगडे बांधून ठेवलंय."

परीक्षा जवळ आलीय, म्हणाले. तुझ्यासाठी आईशी खोटं बोलायची मला सवयच झालीय, आणि याचाही मला वीट आलाय.

शेरा मिळाला की लेख सुधारायचा असतो, तसा सुधारला. वास ठेवला, समुद्र काढून टाकला. आणि पिशवी घातली. ती तूच सुचवलीस. शेवटच्या परिच्छेदात ती बाकड्याखाली भिंतीला टेकून आहे. तुझं नाव कुठेही नाही.

शनिवारी लेख वर्गात वाचायचा आहे. त्याआधी घरी ये आणि आईला तोंडावर सांग, "मावशी, माका बांगडे नको." एवढं बोललीस तर तो परिच्छेद मी फाडून टाकीन. नाही आलीस तर पहिल्या बाकावर बसून ऐक.

खाली नाव लिहीत नाही. बांगडे बांधता बांधता लिहिलंय. कागद नाकाशी धर, कळेल कोणाचं ते.