पाच समुद्र आणि एक नकार

३ मे
आजपासून अल्बमच्या कामाला लागलो. नाव पक्कं: 'पाच समुद्र'. अर्धी हयात बोटीवर स्वयंपाकी होतो, बंदरोबंदरी एकेक वाद्य जमवलं. ग्रीसचं बुझुकी, डकारची भोपळ्याची वीणा, चिलीचं चारांगो, आयर्लंडचा डफ. शेजारच्या बिसेसरचा ढोलक. आणि माझी गिटार. सगळं अकूस्टिक. मागे फक्त आमच्या लेवुका बंदराची लाट.

शेवटी माझी ती धून. दर्यावर असताना बायकोसाठी, वासितीसाठी बांधली, पण घरी एकदाही वाजवलेली नाही. रेकॉर्ड झाल्यावरच सांगायचं. सरप्राइज.

सुव्याहून रेकॉर्डिंगवाली पेनिना या महिनाअखेरीस माइक घेऊन येतेय. वासिती म्हणाली, तोवर वाद्यं घरात राहिली तर मिळवली. बायकांना धीर म्हणून नसतो.

७ मे
इनोके आला होता. वासितीचा भाऊ. खोबऱ्याच्या दुधातला मासा दोनदा वाढून घेतला, हात पुसले आणि म्हणाला, "दाजी, केरेकेरे, ते लांब मानेचं द्या की." झालं! केरेकेरे म्हणून मागितलं की आपल्यात नाही म्हणता येत नाही. त्यातून बायकोचा भाऊ. बुझुकी गेलं.
तसं बरंच झालं. ग्रीसचा सूर जरा भपकेबाजच.

८ मे, सकाळ
संकल्प: यापुढे ठाम नकार. आरशासमोर सराव केला. "नाही, इनोके. नाही म्हणजे नाही." आवाज फार भारदस्त लागला. वासितीने बाहेरून विचारलं, कुणाशी भांडताय?

१२ मे
वीणा, चारांगो. दोन्ही.
'नाही' ओठांवर आलंच होतं. पण तो म्हणाला, गावच्या चर्चमधल्या पोरी तुमचं नाव काढतील. कलाकाराने कोतं असू नये. शिवाय इतक्या वाद्यांनी गर्दी होत होती. अल्बम आता जास्त खोल होईल.

१५ मे
डफही. त्यावर चर्चा नको.
गिटार पलंगाखाली लपवली. वासिती म्हणाली, भीड भिकेची बहीण. म्हटलं, तुझाच भाऊ. म्हणाली, "भाऊ माझा, पण 'घे' तुम्हीच म्हणता ना?"
बोलण्यात अर्थ नाही.

१९ मे
इनोके म्हणाला, दाजी, तुमच्यासारखा मोठ्या मनाचा माणूस अख्ख्या ओव्हालाऊ बेटावर नाही. पुढचं नीट आठवत नाही. पलंगाखालून गिटार मीच ओढून काढली एवढं खरं. वर पुसूनही दिली.

२४ मे
पेनिना बोटीने आली. वाद्यं कुठायत, म्हणाली. मी भिंतीवरचे खिळे दाखवले.

शेवटी रेकॉर्डिंग इनोकेच्या गावी, चर्चच्या ओसरीवर. वाद्यं सगळी तिथेच नांदताहेत! वीणा त्याची लेक वाजवते, बुझुकी पाद्रीबुवा. बिसेसरही ढोलक घेऊन गेलाय. कुणी मागितला नव्हता, आपणहून गेला. त्यावर सगळे गातात. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. हेच तर माझ्या डोक्यात होतं.

माझ्याकडे माइकपासून कोंबड्या लांब ठेवायचं काम. महत्त्वाचं आहे. एक कोंबडा अख्खा अल्बम बुडवू शकतो.

२५ मे
सगळा धीर एकवटला. कोंबड्या सोडून इनोकेकडे गेलो आणि म्हणालो, केरेकेरे, गिटार दे. त्याने तत्क्षणी दिली. "अहो दाजी, मागायची ना आधीच! कालपासून कोंबड्या काय हाकताय?"

वाजवली धून. नीट लागली. पेनिनाने कानावरचं काढलं आणि टाळ्या वाजवल्या. वासिती आली असती तर! पण तिला घरीच ठेवली होती, सरप्राइज म्हणून.

इनोकेने डोळे पुसले. म्हणाला, दाजी, केरेकेरे, ही धून मला द्या. लेकीच्या लग्नात माझी म्हणून वाजवतो.
आरसा आठवला. भारदस्त आवाज आठवला.
घे, म्हणालो.

११ जुलै
सीडी आली. मुखपृष्ठ सुंदर. शेवटच्या गाण्याखाली छापलंय, 'धून: इनोके'. छपाईची चूक म्हणता येणार नाही. आभारांत माझं नाव आहे, कोंबड्यांच्या खाली.
हरकत नाही. उद्या चर्चनंतर वासितीला समोर बसवून ऐकवायची आणि सगळं सांगायचं. दिलेली वस्तू आपली म्हणू नये, कबूल. पण बायकोला सांगायला काय हरकत? ठाम ठरवलं.

१२ जुलै, रविवार
दुपारी लावली. वासिती कसावा सोलत होती. शेवटची धून सुरू झाली आणि सुरी थांबली. संपल्यावर म्हणाली, पुन्हा लावा. तीनदा ऐकली. पदर नाही, म्हणून बाहीने डोळे पुसले.
मी घसा खाकरला.
तेवढ्यात तीच मुखपृष्ठ उलटून म्हणाली, "आमच्या इनोकेच्या पोटात एवढी माया असेल असं वाटलं नव्हतं हो. वहिनीचं नशीब." मग माझ्याकडे बघून, "तुम्हीही अर्धी हयात बोटीवर होतात की. काय, नुसता भातच शिजवलात?"
हो म्हणालो. भातच.